‘पेंड’ आणि ‘सेंद्रिय’ : बागेच्या खतासंबंधी दोन शब्दांचा विचार

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने खतांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु शब्दाचा अर्थ पुरता न कळल्यास काय अनर्थ ओढवतो, याचे एक उदाहरण मला ग्रंथालयात नव्हे, तर मुळशी तालुक्यातील एका बागेत मिळाले.

बोलीतील शेतीविषयक शब्द टिपून घेण्यासाठी पावसाळ्याच्या आरंभी मी पौडच्या पुढील एका वाडीत गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्यांच्या अंगणाच्या कडेने फुलझाडांचे ताटवे आहेत. “ताटव्यांना पेंड घातली आहे,” असे माळ्याने सांगितले. पेंड म्हणजे गुरांचे खाद्य. ती कुत्र्याने चाटली तरी काय बिघडणार, असे घरच्यांस वाटले. रात्री कुत्र्याने ताटवा उकरला. दुसऱ्या दिवशी त्यास रक्ताची हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी तो दगावला. पेंड एरंडीची होती.

तेलबियांतून तेल काढून घेतल्यावर उरणाऱ्या चोथ्यास मराठीत सरसकट ‘पेंड’ म्हणतात. संस्कृतात त्यासाठी ‘पिण्याक’ हा शब्द आहे. भुईमुगाची व सरकीची पेंड गोठ्यात जाते; एरंडीची, निंबोळीची आणि करंजाची पेंड जमिनीत जाते. जुन्या शेतकऱ्यास हा भेद सांगावा लागत नाही. पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंतच्या पट्ट्यात शहरातून येऊन घर बांधणारास मात्र ‘पेंड’ हे नाम तेवढे ठाऊक असते. आणि येथे सारे महत्त्व नामामागील विशेषणास आहे.

एरंडाचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस कम्युनिस’. लॅटिन भाषेत ‘रिसिनस’ म्हणजे गोचीड. एरंडीचे बी गोचिडासारखे दिसते, म्हणून हे नाव पडले. त्यावरूनच बीमधील विषास ‘रिसिन’ म्हणतात. हे एक प्रथिन असून ते शरीरातील पेशींचे प्रथिने तयार करण्याचे कामच बंद पाडते. ते तेलात उतरत नाही, पेंडीतच राहते. वाफेची पुरेशी उष्णता दिल्यास ते निष्प्रभ होते. परंतु पोत्यातील पेंडीवर अशी प्रक्रिया झाली आहे किंवा नाही, हे पाहून कळत नाही. कुत्री या पेंडीकडे ओढली जातात. लक्षणे काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनीही दिसतात आणि या विषावर नेमका उतारा नाही.

दुसरा शब्द ‘सेंद्रिय’. पोत्यावर हा शब्द दिसताच खत निरुपद्रवी आहे असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः रसायनशास्त्रात कार्बनच्या बहुतेक संयुगांस सेंद्रिय म्हणतात. त्या अर्थाने १८२८ साली व्होलर याने प्रयोगशाळेत बनविलेला युरियाही सेंद्रियच ठरतो. शेतीच्या परिभाषेत मात्र तोच युरिया रासायनिक खत होय. उलट एरंडीची पेंड शेतीच्या परिभाषेत निःसंशय सेंद्रिय आहे. तात्पर्य, हा शब्द खताचे मूळ सांगतो, गुण सांगत नाही.

मग ताटव्यांसाठी निवडावे काय? पूर्ण कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत हे पाळीव जनावरांच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक. निंबोळीची पेंड कडू असल्याने जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. मात्र ती निव्वळ निंबोळीची आहे, मिश्र नाही, हे पोत्यावर वाचून घ्यावे. हाडांचा चुरा कुत्री आवडीने खातात आणि त्याचा पोटात घट्ट गोळा होऊ शकतो. म्हणून कुत्रे असलेल्या घरी तो टाळावा. युरियात ४६ टक्के नत्र असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात त्यापासून झपाट्याने अमोनिया तयार होतो; यास्तव युरियाचे पाणी बादलीत उरू देऊ नये, गाय किंवा शेळी ते पिऊन जाते. खरकट्याच्या खताचा खड्डा झाकलेला असावा, कारण बुरशी आलेले अन्नही कुत्र्यास विषारी ठरू शकते.

मुळशीच्या मुसळधार पावसात वरवर पसरलेले खत ओढ्यात वाहून जाते. म्हणून मोठ्या सरी ओसरल्यावर, थोडे-थोडे, मातीत मिसळून ते द्यावे आणि पोते उंचावर, बंद ठेवावे. जनावराने खत खाल्ल्याची शंका येताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा व पोत्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी.

त्या माळ्याने सांगितलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यात खोटेही काही नव्हते. “कशाची पेंड?” एवढा एक प्रश्न विचारला गेला असता, तर तो कुत्रा वाचता.