सर्पगंधा : औषधी गुणांचे संशोधन

(सं. सर्पगंधा, हिं. छोटा चांद; म. अडकई, हरकी; लॅ. रौवोल्फिया सर्पेंटिना, कुल-ॲपोसायनेसी). परंपरेने वापरात असलेल्या वनस्पतीचे गुण प्रयोगशाळेत तपासताना काय हाती लागते आणि काय निसटते, हे दाखविणारे बोधप्रद भारतीय उदाहरण. रेसर्पीन हे अल्कलॉइड या वनस्पतीच्या मुळात आहे. ते १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले. परंतु मुळाचे शास्त्रीय संशोधन त्यापूर्वी दोन दशके चालू होते आणि त्या काळात मुळातील सर्वांत प्रभावी घटकच संशोधकांच्या दृष्टीआड राहिला होता.

हे लहान, सरळ वाढणारे उपझुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंतच्या दमट वनांत आढळते. पाने बहुधा तीन-तीनांच्या मंडलांत येतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी छटेची व लालसर देठांची. पिकलेले फळ जांभळट काळे असते. मूळ वाकडेतिकडे, फिकट तपकिरी व अतिशय कडू असते. प्रजातीचे लॅटिन नाव सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व प्रवासी लेओनहार्ट राउव्होल्फ यांच्या स्मरणार्थ दिलेले आहे. त्यांचा प्रवास पश्चिम आशियापुरता होता. भारतात ते आले नव्हते.

सर्पदंश, ताप, निद्रानाश व उन्माद यांवर या मुळाचा उपयोग करण्याची रीत जुनी आहे. बिहारमध्ये ते ‘पागल की दवा’ या नावानेच विकले जाई. एकाच मुळासाठी इतके भिन्न दावे केले जात असल्याने त्यांपैकी कोणते खरे, हे ठरविण्याचे काम प्रयोगशाळेकडे आले.

दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने संशोधन विभाग सुरू झाला होता. तेथे सलिमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये मुळातून पाच स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली. अजमलीन, अजमलिनीन व अजमलिसीन ही त्यांपैकी पांढरी असून त्यांची नावे हकिमांच्या नावावरून ठेवण्यात आली. सर्पेंटीन व सर्पेंटिनीन ही पिवळी होत. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मुळाचे चूर्ण उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांत गुणकारी ठरते, असे रुग्णांवरील अनुभवाच्या आधारे प्रसिद्ध केले. एकाच वर्षी एकीकडे शुद्ध रसायने व दुसरीकडे संपूर्ण मुळाचा गुण अशा दोन वाटांनी काम सुरू झाले. मात्र त्या वाटा एकमेकींना मिळण्यास बराच काळ लागला.

त्याचे कारण तत्कालीन कार्यपद्धतीत आहे. वनस्पतीचा अर्क काढून त्यातील क्षारकीय द्रव्ये अम्लाच्या साहाय्याने वेगळी करावयाची, जी सहज स्फटिक रूपात येतात ती शुद्ध करावयाची व उरलेला चिकट, रेझीनयुक्त भाग बाजूस सारावयाचा, असा सर्वसाधारण क्रम असे. शुद्ध केलेले द्रव्य नंतर भूल दिलेल्या प्राण्याच्या नीलेत टोचून रक्तदाब, हृदयाचे ठोके व श्वसन यांचे आलेख काही तास घेतले जात. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत रामनाथ चोप्रा, जे. सी. गुप्ता व बी. मुखर्जी यांनी १९३३ मध्ये मुळातील एका अल्कलॉइडाच्या क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही याच धर्तीवर. ही पद्धती सदोष होती असे म्हणता येत नाही. अनेक औषधे तिच्यामुळेच गवसली. तथापि सर्पगंधेचा शामक गुण तिच्या कक्षेत येणारा नव्हता. रेसर्पीन अत्यंत दुर्बल क्षारक असल्यामुळे ते इतर अल्कलॉइडांबरोबर न येता रेझीनयुक्त भागात राहते. शिवाय त्याची क्रिया सावकाश सुरू होते व दीर्घकाळ टिकते. अगोदरच भूल दिलेला प्राणी शांत झाला की नाही, हे आलेखावरून कळण्याचा संभवच नव्हता. रुग्णाला आठवडाभर चूर्ण देणाऱ्या वैद्याला जे दिसत होते, ते काही तासांच्या प्रयोगात दिसले नाही.

या अडचणीची जाणीव कलकत्त्यातच झाली, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये मानसिक विकारांवरील वापराची निरीक्षणे नोंदविली व पुढच्या वर्षी डेहराडूनच्या मुळांपासून मिळविलेल्या रेझीनयुक्त भागाचा निद्राकारक परिणाम दाखवून दिला. टाकून दिल्या जाणाऱ्या भागाकडे त्यांनी लक्ष वेधले होते. त्यातील शुद्ध द्रव्य मात्र त्यांच्या हाती लागले नाही.

पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले ते मुंबईतील हृदयरोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांच्या लेखामुळे. प्राथमिक उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील चाचणीचे त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या वेळी उच्च रक्तदाबावर सुसह्य असे औषध जवळजवळ उपलब्ध नव्हते. या कार्यासाठी त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी १९५२ मध्ये रेझीनयुक्त भागातूनच रेसर्पीन वेगळे केले. येथे रसायनशास्त्रज्ञाने केलेला प्रत्येक अंश प्राण्यावर तपासला जात होता आणि ती तपासणी रक्तदाबापुरती मर्यादित न ठेवता प्राण्याच्या वागणुकीवरही दीर्घकाळ लक्ष ठेवून केली जात होती. चूर्ण ग्रॅमच्या मापाने द्यावे लागे. रेसर्पिनाची दैनिक मात्रा सु. ०·१ ते ०·२५ मिग्रॅ. पुरेशी ठरली. नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात केलेल्या वापराचा वृत्तांत १९५४ मध्ये दिला. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रेसर्पिनाचे पूर्ण संश्लेषण जाहीर केले. कार्बनी रसायनशास्त्रात ते एक श्रेष्ठ कार्य मानले जाते.

रेसर्पीन शरीरात नेमके काय करते, याच्या शोधातून मेंदूविषयीच्या ज्ञानात मोठी भर पडली. अमेरिकेत प्लेचर, शोर व ब्रोडी यांनी १९५५ मध्ये ते ऊतकांतील सेरोटोनिनाचा साठा रिकामा करते असे दाखविले. आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनामुळे निश्चल झालेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, असे दाखवून दिले. डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे, या मताला त्यामुळे बळ मिळाले आणि कंपवाताच्या उपचाराची दिशा दिसली. कार्लसन २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. तंत्रिका कोशिकेच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांत ही संदेशवाहक द्रव्ये भरणाऱ्या प्रथिनाला रेसर्पीन अटकाव करते. बाहेर राहिलेल्या द्रव्याचा एंझाइमांमुळे नाश होतो व साठा पुन्हा भरण्यास बरेच दिवस लागतात. औषधाच्या मंद व दीर्घ क्रियेचे कारण हेच होय.

रेसर्पिनाचे दोषही लवकरच उघड झाले. नाक चोंदणे, सुस्ती व अतिसार यांखेरीज काही रुग्णांत तीव्र विषण्णता आल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. या संबंधाच्या सबळपणाविषयी पुढील काळातील परीक्षणांत शंका घेण्यात आल्या. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सुचविण्यात आला. नंतरच्या अभ्यासांतून त्याला पुष्टी मिळाली नाही. दरम्यान अधिक सुसह्य औषधे उपलब्ध झाल्याने वापर घटला. याउलट फारसे लक्ष न वेधलेल्या अजमलिनाला हृदयरोगचिकित्सेत स्थान मिळाले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर व ब्रुगाडा लक्षणसमूहाच्या निदानासाठी ते वापरले जाते.

ज्या गुणावरून वनस्पतीला नाव मिळाले असे लोक समजतात, तो सर्पविषावरील उतारा असण्याचा गुण मात्र चिकित्सेत सिद्ध झालेला नाही. विषारी सर्पदंशावर प्रतिविष लस हाच खात्रीचा उपाय आहे. मुळी उगाळून पाजण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. उन्मादाविषयीचा लोकानुभव खरा ठरला म्हणून दंशाविषयीचा दावाही खरा असला पाहिजे, हे अनुमान चुकीचे होय.

मागणी वाढताच वनांतील सर्पगंधेवर संकट आले. औषध मुळात असल्याने ते मिळविण्यासाठी संपूर्ण झाड उपटावे लागते. बियांची उगवण कमी असते व लागवडीत मुळे काढणीयोग्य होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश आहे. औद्योगिक रेसर्पिनासाठी आफ्रिकेतील रौ. व्होमिटोरिया ही जाती अधिक सोयीची ठरली आहे. बाजारातील मुळात इतर जातींची भेसळ होते. सूक्ष्मदर्शकाखाली खऱ्या मुळाच्या बुचात लहान व मोठ्या कोशिकांचे एकाआड एक थर दिसतात आणि परिकाष्ठात दृढ कोशिका नसतात. भेसळीच्या जातींत त्या बहुधा आढळतात. अल्कलॉइडांचा मोठा अंश मुळाच्या सालीत असल्यामुळे साल खरवडलेले किंवा घासलेले मूळ औषधाच्या दृष्टीने कमी प्रतीचे समजतात.