मकबऱ्याला टेक्श्चर देताना: थ्रीडी मॉडेल प्लास्टिकचं का दिसतं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचं लिखित रूप. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

छत्रपती संभाजीनगरहून तुमचा दोस्त बोलतोय. मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. मॉडेल तर बनतं, पण त्यावर टेक्श्चर टाकलं की ते खेळण्यासारखं का दिसतं? उत्तर मला माहीत आहे, कारण ती चूक मी नुकतीच केली, आणि तीही नोकरीच्या टेस्टमध्ये.

झालं असं, की एका स्टुडिओने टेस्ट दिली. तुमच्या गावातली एक वास्तू थ्रीडीत बनवा, ती मोबाइलवर चालली पाहिजे, मुदत 10 दिवस. मी बेगमपुऱ्याजवळ राहतो, म्हणजे विषय दारातच होता: बीबीका मकबरा. चार दिवसांत घुमट, कमानी, मिनार सगळं उभं केलं. पाचव्या दिवशी नेटवरून संगमरवराचा एक फोटो घेतला, अख्ख्या इमारतीवर चढवला आणि ऐटीत पप्पांना दाखवला.

पप्पा गवंडी आहेत. पंचवीस वर्षं गिलाव्याचं काम करतात. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाले, "हे तं प्लास्टिकवानी दिसू लागलं. अन् एवढा संगमरवर कुठून आणला रे?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मकबऱ्यात गेलो.

आता थोडी माहिती. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. तिचा मुलगा आझमशहा याच्या नावाशी हे बांधकाम जोडलं जातं, काळ सतरावं शतक. प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपत राय या दोघांची नावं आहेत. लोक याला 'गरिबांचा ताज' म्हणतात, कारण इथे सगळीकडे संगमरवर नाही. खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, तिथून घुमटाच्या पायथ्यापर्यंत आपला काळा बेसाल्ट आणि त्यावर घोटलेला चुन्याचा गिलावा, मग घुमट पुन्हा संगमरवरी. लांबून सगळं पांढरंच दिसतं.

पप्पांनी भिंतीला हात लावला नाही. ते नुसते बाजूला सरकले आणि म्हणाले, "रंग नको बघू, उजेड बघ." खालच्या संगमरवरात आकाशाची अंधुक चमक दिसत होती. वरच्या गिलाव्यावर तोच उजेड पसरून मंद झाला होता. घरचं कामही ते असंच तपासतात. गिलावा वाळला की भिंतीला लागून बॅटरी मारायची, सगळे उंचवटे आपोआप दिसतात.

बस, अख्खं टेक्श्चरिंग यातच आहे. एकेक पायरी बघू.

पहिली पायरी, यूव्ही. मॉडेल गोल असतं आणि चित्र सपाट. मग सपाट चित्र गोल वस्तूवर बसवायचं कसं? मोसंबी सोला. साल टेबलावर सपाट करायची तर कुठेतरी चिरावी लागते, नाहीतर ताणली जाते. मॉडेलवरच्या त्या चिरेला सीम म्हणतात. एक्स, वाय, झेड ही अक्षरं थ्रीडी जागेसाठी आधीच वापरलेली, म्हणून सपाट चित्राच्या दोन दिशांना यू आणि व्ही म्हणतात. सीम नेहमी लपेल अशा जागी ठेवा: कोपऱ्यात, पट्टीखाली, घुमटाच्या मागच्या बाजूला. मग मॉडेलवर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकड लावून बघा. चौकोन चौकोनच दिसले तर ठीक, लांबट झाले तर तिथे साल ताणली गेली आहे. आणि शेजारच्या दोन भिंतींवर चौकोनांचा आकार सारखाच हवा, नाहीतर एक भिंत स्पष्ट आणि दुसरी धूसर दिसेल.

दुसरी पायरी, एका टेक्श्चरची तीन टेक्श्चर. वस्तूवर चित्र चिकटवायची ही युक्ती एड कॅटमल यांनी 1974 मध्ये युटा विद्यापीठातल्या आपल्या पीएचडीत मांडली. हेच कॅटमल पुढे पिक्सारचे प्रमुख झाले. 1978 मध्ये जिम ब्लिन यांनी दाखवलं की आकार न बदलता, फक्त उजेडाचा हिशेब बदलून पृष्ठभाग खडबडीत भासवता येतो. आज आपण साधारण तीन नकाशे वापरतो. बेस कलर म्हणजे नुसता रंग. रफनेस म्हणजे उजेड किती विखुरतो ते: 0 म्हणजे आरसा, 1 म्हणजे पूर्ण मंद. आणि नॉर्मल मॅप म्हणजे बारीक उंचवट्यांचा भास.

माझी चूक इथेच होती. मी फक्त रंग दिला आणि रफनेस सगळीकडे एकच ठेवला. प्लास्टिकचं असंच असतं, चमक सगळीकडे सारखी. मी परत येऊन संगमरवराला 0.3 च्या आसपास आणि जुन्या गिलाव्याला 0.7 च्या आसपास रफनेस दिला. रंगाला जवळपास हातच लावला नाही, तरी भिंत दोन वेगळ्या वस्तूंची दिसायला लागली. अजून एक, पांढरा म्हणून 255 हा पूर्ण पांढरा देऊ नका. खरा चुनाही तेवढा पांढरा नसतो. 230 च्या आसपास थांबा, म्हणजे चमकेला जागा राहते.

तिसरी पायरी, ब्रश. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यात थेट मॉडेलवर रंगवता येतं. पण डाग कुठेही मारू नका. आधी विचारा, पाणी कुठून येतं? काळपट ओघळ छज्जाखालून खाली येतील, कोनाड्यात धूळ साचेल, माणसांचे हात लागतात तिथे कड गुळगुळीत होईल. आणि फोटो वापरणार असाल तर तो ढगाळ दिवशी काढा. माझ्या नेटवरच्या फोटोत दुपारच्या उन्हाची सावली होती. ॲपमध्ये मी सूर्य डावीकडे नेला तरी ती सावली जागची हलली नाही!

एक कळकळीची सूचना. ब्लेंडरची फाइल सेव्ह केली म्हणजे रंगवलेलं चित्र सेव्ह झालं असं समजू नका. इमेज वेगळी सेव्ह करायची असते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

चौथी पायरी, फोन. 4096 बाय 4096 चं एक चित्र, दर पिक्सेलला 4 बाइट धरले, तर मेमरीत 64 एमबी घेतं. तीन नकाशे म्हणजे 192. पप्पांच्या जुन्या फोनवर माझं मॉडेल उघडेचना. 2048 केलं की 16 एमबी, 1024 केलं की 4. कॉम्प्रेशनने अजून कमी होतं, पण मुळात कमी ठेवा. कमानीवरची नक्षी सारखीच असते, तर एकच कमान रंगवून बाकीच्यांना तोच तुकडा द्या. फक्त ओघळ त्या तुकड्यात नकोत, नाहीतर प्रत्येक कमानीवर एकच डाग दिसेल आणि चोरी पकडली जाईल.

घरी येताना मी पप्पांना म्हणालो, की म्हणजे मकबऱ्यात पैसे वाचवायला गिलावा केला. ते म्हणाले, "असंल. पण साडेतीनशे वर्षं लोक फसले ना? फुकट नाही होत ते." मला तेव्हा कळलं की आपलं कामही तेच आहे. आत साधा, हलका सांगाडा आणि वर विचार करून चढवलेला पातळ थर. थर खोटा म्हणून कमी दर्जाचा ठरत नाही. पण कुठे दगड आहे आणि कुठे गिलावा, हे करणाऱ्याला माहीत पाहिजे. उद्या कुणी मकबरा फक्त फोनवरच बघेल, आणि मी अख्खा संगमरवरी दाखवला तर त्या गिलावा करणाऱ्यांचं काम मीच पुसलं म्हणायचं.

टेस्ट दहाव्या दिवशी रात्री पाठवली. हे रेकॉर्ड करेपर्यंत उत्तर आलेलं नाही. पण पप्पांच्या फोनवर आता मॉडेल उघडतं. त्यांनी ते बोटाने फिरवून फिरवून बघितलं, गिलाव्यापाशी थांबले आणि एवढंच म्हणाले, "आता बरं."

तुमचा होमवर्क: आज रात्री लाइट बंद करा, फोनचा टॉर्च घरातल्या भिंतीला लागून तिरका धरा आणि तीन गोष्टी लिहून काढा: रंग, चमक, उंचवटे. मग ब्लेंडर उघडा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!