इद्रिस अली : नूबियाचा कडवट कादंबरीकार

नूबिया हा आस्वानपासून दक्षिणेला सुदानपर्यंत पसरलेला नाईलकाठचा मुलूख. त्याचा बराच भाग आज पाण्याखाली आहे. आस्वानचे पहिले धरण १९०२ साली पुरे झाले, १९१२ आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढली, आणि दर खेपेस नूबी माणसे घरे आणखी वर नेत गेली. पुढे उंच धरण आले तेव्हा वर सरकायलाही जागा उरली नाही. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नूबींना उत्तरेला कोम ओम्बोकडे हलवण्यात आले.

या बुडण्याची पहिली मोठी कादंबरी मुहम्मद खलील कासिम यांची 'अश्-शमंदूरा' (१९६८). तिच्यात गेलेल्या गावाची माया आहे. इद्रिस अलींकडे (१९४०-२०१०) ती शोधायला गेलो तर हाती लागतो तो संतापच.

त्यांची 'दोंगोला' (१९९३) मी पीटर थेरू यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. नायक अवद शलाली तुरुंगवास भोगलेला. दोंगोला या जुन्या नूबी राजधानीचे वैभव त्याच्या डोक्यात घोळत असते. इथवर मला ही अस्मितेची ओळखीची कादंबरी वाटली होती. पण अवद परागंदा होतो आणि लेखक गावातच थांबतो, आंधळ्या सासूपाशी अडकलेल्या हलीमाजवळ. माझ्या मते कादंबरीचे खरे बळ इथे आहे. राजधानीच्या स्वप्नाची किंमत कोण मोजतो, हे हलीमाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

'झाडाझडती' वाचलेल्यांना धरणग्रस्तांचे हाल नवे नाहीत. फरक एवढाच, की नूबी गावे उठण्याआधीच अर्धी रिकामी होती. पहिल्या धरणाने शेते आणि खजुराची झाडे गिळली आणि पुरुष कैरोत दरवान, आचारी, घरगडी म्हणून गेले. मागे बायका, म्हातारी, पोरे. अलींनी हे दुरून पाहिलेले नव्हते. गरिबीवरच्या त्यांच्या आत्मपर कादंबरीतही कैरोतली तीच वणवण आहे. साहजिकच 'दोंगोला' सत्ताधाऱ्यांना बोचावी तशी अनेक नूबींनाही बोचली. स्वतःच्या समाजातल्या बाईचे दुःख चव्हाट्यावर मांडणाऱ्या लेखकाला घरचे लोक सहज माफ करत नाहीत, आपल्याकडेही नाही.

नूबी माणसांविषयीचे हे सारे त्यांनी अरबीत लिहिले.

२०१० च्या जानेवारीत कैरोच्या ग्रंथमेळ्यात त्यांची लिबियावरची कादंबरी जप्त झाली, प्रकाशकाला अटक झाली. त्याच नोव्हेंबरात अली वारले.