बेंजोवरची ‘भोली सूरत’

विसर्जनाच्या दिवशी लालबागला भारतमाता सिनेमापाशी उभं राहिलं की कुठला आवाज कुठून येतोय ते कळत नाही. पुढच्या मंडळाचे ढोल-ताशे, मागच्या मंडळाची बेंजो पार्टी, मधेच शिट्ट्या, आणि या सगळ्यावर गुलालाचा ढग. काही वर्षांपूर्वी त्या गदारोळात चिंचपोकळीच्या बाजूने भोंग्यातून चार-पाच सूर आले. शब्द नव्हते, वाजवणारे दिसतही नव्हते. तरी माझ्या शेजारच्या सात-आठ वर्षांच्या पोराने एक खांदा खाली टाकला, हात कोपरात दुमडले आणि जागच्या जागी भगवानदादांची ती अर्धी अर्धी पावलं टाकायला सुरुवात केली. ‘भोली सूरत’! हे गाणं ज्यातलं, तो भगवानदादांचा ‘अलबेला’ चित्रपट आला १९५१ साली. त्या पोराच्या आजोबांनीसुद्धा तो थिएटरात पाहिला असेल की नाही, शंकाच आहे.

मी फोन काढून ते वाजवणं रेकॉर्ड केलं. तिथून हा नाद लागला. आज माझ्याकडे ‘अलबेला’तल्या गाण्यांची एक खासगी माळ आहे. मूळ गाणी सुरुवातीला, आणि मग तीच गाणी दुसऱ्यांनी वाजवलेली: ब्रास बँडने, ऑर्केस्ट्राने, सोसायटीच्या पूजेला कुणी हौसेने माउथ ऑर्गनवर, आणि सगळ्यात जास्त बेंजोवर. कॅसेटचा जमाना असता तर साठ मिनिटांची एक कॅसेट भरली असती.

ही माळ ऐकताना मला दरवेळी एकच गोष्ट थक्क करते. त्या पोराने नेमकं काय ओळखलं? मूळ रेकॉर्डमधलं काहीच त्या भोंग्यात नव्हतं. मूळ गाणाऱ्या चितळकरांचा आवाज नाही, लताबाईंचा नाही. पट्टी वेगळी, लय मिरवणुकीची, वाद्य वेगळं. एकही सूर मूळ जागेवर नसताना गाणं मात्र जसंच्या तसं हजर! ख्रिस्तियान फॉन एहरनफेल्स नावाच्या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने १८९० साली नेमक्या याच कोड्यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की चाल म्हणजे सुरांची बेरीज नव्हे. सगळे सूर बदलले तरी चाल तीच राहते, म्हणून चाल ही सुरांहून वेगळी, त्यांच्या आपसातल्या नात्यांतून उभी राहणारी वस्तू आहे. मानसशास्त्रातला गेश्टाल्ट विचार पुढे वाढला तो या बीजातून.

गिरगावातल्या चाळीचा जिना आठवा. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर जा नाहीतर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, पायांना चढ तोच लागतो. कुठे तीन पायऱ्या, कुठे वळण, कुठे एक पायरी जरा उंच. अंधारात चढणारा माणूस मजला मोजत नाही, पायांना वळण कळतं. कान चालीच्या बाबतीत तेच करतो. कुठून सुरुवात केली हे त्याच्या लेखी गौण आहे, किती चढलो, किती उतरलो आणि कुठे थबकलो एवढंच तो धरून ठेवतो.

आता मूळ गाण्याकडे. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्म नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. संगीत दिलं की नाव सी. रामचंद्र, गायले की चितळकर. ‘अलबेला’साठी त्यांनी सोबत घेतला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा अँतोनियो शाविएर वाझ. ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारा हा ट्रम्पेटवाला लोकांच्या लेखी हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग होता, आणि ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. तर गिरणी कामगाराच्या मुलाचा, म्हणजे भगवानदादांचा चित्रपट, पुणतांब्याची चाल, हळदोण्याचा ट्रम्पेट, आणि त्यामागे अमेरिकेतून बोटीने आलेलं जॅझ. हे सगळं सुमारे तीन मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये मावलं, कारण ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तेवढंच धरायची.

माळेत त्याच्यानंतर ब्रास बँड येतो, आणि तिथे मला घरी परतल्यासारखं वाटतं. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट हीच तर मूळ वाद्यं. फरक इतकाच की रेकॉर्डमध्ये ती गायकाच्या मागे उभी होती, बँडमध्ये ती स्वतः गायक झाली. ऑर्केस्ट्राची दोन गाणी ठेवली आहेत, ती सुरेल आहेत, पण मूळ गाण्याच्या इतकी जवळ की त्यांत शोधण्यासारखं फार उरत नाही. खरा चमत्कार बेंजोत आहे.

लालबाग-परळचा बेंजो आणि अमेरिकेतला गोल चामड्याचा बँजो यांचा नावापलीकडे संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ जपानात. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताईशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं. त्याच वर्षी जपानमध्ये ताईशो हा नवा राजशक सुरू झाला होता, त्यावरून हे नाव. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणांची ओळ. बटण दाबलं की त्याची धातूची कड तारेवर बसते आणि तार तेवढी आखूड होते. साठ सेंटिमीटरची तार तिसांवर दाबली की वरचा सा, चाळिसांच्या आसपास दाबली की पंचम. शेजारच्या प्रत्येक बटणाला तार साडेपाच टक्क्यांच्या आसपास आखूड होत जाते. कुणीतरी हे गणित लाकडात ठोकून ठेवलं, म्हणून वाजवणाऱ्याला ते करावं लागत नाही.

एकदा परळला एका गल्लीत मी बेंजोवाल्याच्या अगदी हाताशी उभा होतो. गाडीवर जनरेटर धडधडत होता, शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, पुढे ढोल. बेंजोची बटणं वापरून वापरून पिवळी पडलेली, मधल्या चार-पाचांवरचे आकडे पुसून गेलेले. त्याचा डावा हात बटणांवर होता. उजव्या हातात प्लास्टिकचा पातळ तुकडा, आणि तो तारांवर इतक्या वेगाने मागेपुढे जात होता की तुकडा दिसतच नव्हता, नुसती एक धूसर रेघ. त्या क्षणी मला उमगलं की हा माणूस शब्द वाजवतोय. तार छेडली की तिचा आवाज लगेच विरतो, गळ्यासारखा लांबत नाही. म्हणून ऱ्हस्व अक्षराला एकच झटका, आणि दीर्घ अक्षर आलं की झटक्यांची अखंड सर. बाराखडीतले काना-मात्रा त्याच्या मनगटात होते!

आणि मींड? बटणाच्या वाद्यावर सूर घसरवता येत नाही, एका बटणावरून दुसऱ्यावर उडीच मारावी लागते. लताबाईंचा आवाज जिथे सरकतो तिथे हा माणूस मधली दोन-तीन बटणं निसटती दाबून पुढे जात होता. सूर तुटक होते, पण कान ते जोडून घेत होता. पडद्यावर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रं दाखवली की आपण ती हालचाल म्हणून बघतो, त्यातलाच हा प्रकार. हे त्याला कुणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं, त्याने ते ऐकून ऐकून बोटांत उतरवलं होतं. अशा माणसाला आपण सहज ‘बेंजोवाला’ म्हणून मोकळे होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसऱ्याचं गाणं असं वाजवायला कायद्याची परवानगी लागते का, असं मला एकाने विचारलं होतं. त्याचं उत्तर मला फार आवडतं. स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रण करून ते विकायचं असेल तर मूळ रेकॉर्ड निघाल्याच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. पण खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवणं हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमानुसार भंग ठरत नाही. लग्नाच्या वरातीचा तर त्यात स्पष्ट उल्लेख आहे. वरातीतल्या बँडसाठी कायद्यात एक कोपरा राखून ठेवावा, हे कुणाला तरी सुचलं!

भगवानदादांनी ‘अलबेला’च्या यशानंतर जुहूला बंगला घेतला, पुढे तो गेला, गाड्या गेल्या, आणि ते दादरला चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या दारात थांबत, ‘भोली सूरत’ वाजवत, आणि दादा खाली येऊन नाचत. ४ फेब्रुवारी २००२ला ते तिथेच गेले. त्या मिरवणुकांतलं एखादं वाजवणं माझ्या माळेत असावं असं फार वाटतं. दादांपर्यंत त्यांचं गाणं परत पोचवलं ते बेंजो आणि बँडवाल्यांनी. २०१६ साली ‘एक अलबेला’ हा भगवानदादांवरचा मराठी चित्रपट आला, त्याच वर्षी रवी जाधवांचा बेंजोवाल्यावरचा ‘बँजो’ही आला, आणि मला त्या दोघांत एकच गोष्ट पडद्याच्या दोन बाजूंनी सांगितल्यासारखी वाटली.

माळेच्या शेवटी काय ठेवायचं यावर मी बरेच दिवस घालवले. अखेर एक बिघडलेलं रेकॉर्डिंग ठेवलं आहे. गिरगावात ठाकूरद्वारच्या वळणावर, चौपाटी जवळ आलेली, अंतरा निम्म्यावर, आणि जनरेटर बंद पडला. बेंजो, कीबोर्ड, भोंगा, सगळं एकदम गप्प. ढोल मात्र चालू राहिला, कारण त्याला वीज लागत नाही. आणि बेंजोने शब्द काढून टाकलेलं ते गाणं लोकांनी शब्दांसकट उचललं. दीड-दोनशे माणसं गात होती, घसे बसलेले, सूर हळूहळू वर चढत चाललेला. मिनिटभराने जनरेटर धडधडला आणि बेंजो पुन्हा शिरला. दोघांत चांगलं एका सुराचं अंतर. एक ओळभर ते कानाला टोचत राहतं. मग पुढच्या ओळीला सगळा जमाव, कुणी खूण न करता, बेंजोच्या पट्टीवर उतरतो आणि गाणं न चुकता पुढे जातं.