विश्लेषण : दिवाळीच्या सुट्टीत हा लाँग बे... खराडीहून सहल आखताना नेमके काय पाहावे?

दिवाळीच्या सुट्ट्यांचे अर्ज कंपनीच्या पोर्टलवर पडू लागले की खराडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : ‘व्हिएतनाम कोणी केले आहे का?’ त्यावर पाच मिनिटांत दहा उत्तरे येतात. कोणी सांगतो एका दिवसात होते, कोणी म्हणतो रात्रीची क्रूझ घेतल्याशिवाय जाऊ नका, तर कोणी दोन वर्षे जुने पॅकेजचे पत्रक टाकून मोकळा होतो. या सहलीत सर्वाधिक ओढ असते ती हिरव्या पाण्यातून उभ्या राहिलेल्या चुनखडीच्या सुळक्यांची, म्हणजे हा लाँग बेची. आणि सर्वाधिक चुकाही त्याच टप्प्यात होतात.

हा लाँग बे म्हणजे काय?

व्हिएतनामच्या ईशान्य टोकाला क्वांग निन्ह प्रांतात, टोंकिनच्या आखातात हा उपसागर आहे. सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरच्या परिसरात लहानमोठी १,९०० हून अधिक बेटे विखुरली आहेत. त्यांतली बहुतेक निर्मनुष्य आणि इतकी उभ्या कड्यांची की तिथे बोट लावायलाही जागा नाही. ‘हा लाँग’ या नावाचा अर्थ ‘ड्रॅगन जिथे उतरला ती जागा’. १९९४ मध्ये युनेस्कोने सौंदर्यासाठी हे ठिकाण जागतिक वारसा यादीत घेतले, २००० मध्ये भूशास्त्रीय महत्त्वासाठी पुन्हा मान्यता दिली आणि २०२३ मध्ये शेजारचा कॅट बा द्वीपसमूहही त्यात जोडला.

आपल्या कोकण किनाऱ्यावर असे का नाही, हा प्रश्न मराठी पर्यटकाला पडायलाच हवा. सह्याद्री हा लाव्हारसाचा, काळ्या बेसॉल्टचा. तो झिजतो, फुटतो, पण पाण्यात विरघळत नाही. हा लाँगचा दगड चुनखडीचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांचे आणि सूक्ष्म जीवांचे थर साचून तो तयार झाला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीला अक्षरशः विरघळवत जाते. आधी भेगा, मग घळी, मग गुहा. मधला दगड गेला आणि उरले ते सुळके. हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळी वाढली, पाणी दऱ्यांत शिरले आणि डोंगरांची टोके बेटे झाली. थोडक्यात, पर्यटक बोटीतून फिरतात ती बुडालेली दरी असते.

म्हणूनच तिथल्या गुहा आणि आपली लेणी यांत मूलभूत फरक आहे. कार्ले, अजिंठा किंवा आपले जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर ही माणसाने छिन्नीने कोरलेली. तिथली सुंग सोत किंवा थिएन कुंग गुहा पाण्याने. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ तिथे प्रत्यक्ष दिसतात. मात्र त्यांवर टाकलेली रंगीबेरंगी दिव्यांची रोषणाई अनेकांना गणपतीच्या देखाव्याची आठवण करून देते. ती आवडेलच असे नाही.

जायचे कधी?

इथे पुणेकरांचे नशीब चांगले आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हा लाँगचा सर्वांत भरवशाचा काळ मानला जातो : आकाश मोकळे, हवा कोरडी, उकाडा कमी. म्हणजे बरोबर दिवाळीची सुट्टी. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एखादे वादळ येऊ शकते, तेव्हा तारखेला पर्याय असेल तर नोव्हेंबर अधिक बरा.

दुसरा चांगला काळ म्हणजे एप्रिल. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये धुके इतके दाट असते की पन्नास फुटांवरचा सुळका सावलीसारखा दिसतो. काहींना तेच आवडते, पण इन्स्टाग्रामवरचे पाचूसारखे पाणी पाहून गेलेल्यांची निराशा होते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात व्हिएतनामी नववर्ष ‘तेत’ येते. तेव्हा दुकाने-हॉटेले बंद असतात आणि सगळा देश गावाकडे निघालेला असतो.

मे महिन्याच्या शाळेच्या सुट्टीत जाता येते, पण उकाडा आणि दमटपणा मुंबईच्या तोडीचा असतो. जून ते सप्टेंबर पॅकेजेस स्वस्त दिसतात, त्याचे कारण हवामानात आहे.

बोटी सुरक्षित आहेत का?

ग्रुपवर हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. १९ जुलै २०२५ रोजी दुपारी हा लाँगमध्ये एक पर्यटक बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि ३५ हून अधिक जणांचा मृत्यू झाला. बोटीवर बहुतेक व्हिएतनामी कुटुंबे होती, त्यात लहान मुलेही होती. विफा हे चक्रीवादळ त्या वेळी अजून किनाऱ्यावर पोहोचलेच नव्हते. बोट सापडली ती उन्हाळ्यातल्या दुपारच्या गडगडाटी वादळात, जे तासाभरात तयार होते. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये यागी चक्रीवादळाने याच किनाऱ्याला तडाखा दिला होता आणि नांगरलेल्या अनेक बोटी बुडाल्या होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये तर रात्री मुक्कामाला थांबलेली बोट शांत पाण्यात बुडून परदेशी पर्यटकांसह १२ जण दगावले होते.

याचा अर्थ जाऊ नये असा नाही. वर्षाला लाखो लोक जातात आणि सुखरूप परततात. पण तारीख ठरवताना हे माहीत असावे. आपल्याकडे पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सरळ बंद असते. हा लाँगमध्ये तशी मोसमी बंदी नसते. बंदर प्रशासन त्या त्या दिवशीचे हवामान पाहून बोटींना परवानगी देते किंवा नाकारते. कधी दिवसाच्या बोटी चालू आणि रात्रीचा मुक्काम रद्द, असेही होते. परवानगी नाकारली तर बोटवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या हातात ते नसते आणि ती नाकारली जाते म्हणूनच बाकीचे दिवस सुरक्षित असतात.

त्यामुळे आरक्षण करताना ‘हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत आणि किती परत’ हे लेखी घ्यावे; फोनवरच्या ‘काळजी करू नका सर’वर विसंबू नये. प्रवास विम्यात हवामानामुळे रद्द झालेल्या सहलीची भरपाई आहे का, तेही पाहावे. बोटीवर चढल्यावर केबिनमध्ये लाइफ जॅकेट कुठे आहे आणि मुलांच्या मापाचे आहे का, हे सामान ठेवण्याआधी बघावे. आभाळ काळवंडले तर बंद खोलीत बसू नये.

एका दिवसाची फेरी की रात्रीचा मुक्काम?

हनोईहून हा लाँग सुमारे दीडशे किलोमीटर. द्रुतगती मार्गाने अडीच तास लागतात. एका दिवसात जाऊन येता येते, पण पाच तास गाडीत आणि चार-पाच तास पाण्यावर. त्यातही सगळ्या बोटी त्याच दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी पोहोचतात आणि सुंग सोत गुहेत शनिवारच्या लक्ष्मी रोडसारखी रांग लागते. उपसागराचे खरे रूप दिसते ते संध्याकाळी दिवसाच्या बोटी परतल्यावर आणि पहाटे. पैसे जरा जास्त गेले तरी एक रात्र काढणे योग्य. मध्यम दर्जाच्या बोटीवर माणशी साधारण १०० ते २०० डॉलर पडतात. त्यात जेवण, गुहेचे तिकीट आणि बहुधा कयाकिंग येते. हनोईहून ने-आण येतेच असे नाही, ते विचारून घ्यावे.

दोन रात्रींचा मुक्काम मात्र छायाचित्रकार आणि नवविवाहित सोडून इतरांना लांबतो.

दक्षिणेला, हाय फोंगच्या हद्दीतला लान हा बे हा त्याच खडकाचा, त्याच पाण्याचा, पण कमी गर्दीचा भाग आहे. पुणे-मुंबईच्या पॅकेजमध्ये सहसा ‘हा लाँग’ असेच लिहिलेले असते आणि बोट कोणत्या बंदरावरून सुटणार, हे शेवटपर्यंत कळत नाही. तुआन चाऊ बंदर असेल तर बहुधा हा लाँग, कॅट बाच्या बाजूने असेल तर लान हा. लान हा मिळाला म्हणून फसवणूक झाली असे समजू नये, उलट बरेच जण तोच मागून घेतात.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी एक जोड : जवळच बाख डांग नदी समुद्राला मिळते. १२८८ मध्ये ट्रान हुंग दाओ या सेनापतीने नदीच्या तळाशी टोकदार लाकडी खुंट रोवून ठेवले, भरतीच्या वेळी मंगोलांच्या गलबतांना आत येऊ दिले आणि ओहोटी लागताच ती खुंटांवर अडकवली. आरमाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी मुलांना ही गोष्ट बोटीच्या डेकवर सांगण्यासारखी आहे.

खराडीहून निघायचे कसे?

पहिले काम पासपोर्ट. प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने तो वैध हवा. नूतनीकरण करायचे असल्यास पासपोर्ट सेवा केंद्र नदीपलीकडे मुंढव्यातच आहे, पण सुट्ट्यांच्या तोंडावर अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही.

भारतीयांना व्हिएतनामसाठी ई-व्हिसा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर. हे शुल्क व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. सर्च केल्यावर सर्वांत वर दिसणारी अनेक संकेतस्थळे खासगी दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असते, तेवढे बघावे. पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे भरावे. वडिलांचे नाव कुठल्या रकान्यात टाकले, यावरून मराठी नावांचा हमखास घोळ होतो. कागदावर तीन कामकाजाचे दिवस लागतात; तीन आठवडे हाताशी ठेवावेत.

लोहगाव विमानतळ खराडीच्या शेजारी असला तरी तिथून हनोईला थेट विमान नाही. मुंबईहून थेट विमान पाच-साडेपाच तासांचे. त्यासाठी मुंबई गाठायला घाट आणि वाहतूक धरून पाच तास मोजावेत. दुसरा मार्ग म्हणजे लोहगावहून दिल्ली किंवा कोलकाता गाठून पुढे. अशा वेळी दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे घेतली आणि पुण्याचे विमान उशिरा सुटले तर पुढचे तिकीट वाया जाते.

सगळ्यात महत्त्वाचे, उपसागराचा दिवस सहलीच्या मध्यावर ठेवावा. उतरल्या दिवशी ठेवला तर विमानाच्या उशिराने बोट चुकते, कारण रात्रीच्या बोटी दुपारी बाराच्या सुमारास सुटतात. परतीच्या आदल्या दिवशी ठेवला आणि हवामान बिघडले तर दुसरी संधीच उरत नाही. मधोमध ठेवल्यास एक-दोन दिवस मागेपुढे करता येतात. बोट रद्दच झाली तर हनोईपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेले निन्ह बिन्ह पाहून यावे. तिथे तेच चुनखडीचे सुळके भातशेतीत आणि नदीकाठी उभे आहेत.

मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलात ठेवून बोटीवर एकच पिशवी न्यावी. आणि ‘लिमोझिन’ने नेऊ असे सांगितले तर लांबलचक गाडीची अपेक्षा करू नये. तिथे रुंद खुर्च्यांच्या नऊ आसनी व्हॅनला लिमोझिन म्हणतात.

पैशांचे काय?

एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळतात, त्यामुळे चहा-कॉफीचे बिलही हजारांत येते. गोंधळ होतो तो निळ्या नोटांचा : २० हजार आणि ५ लाख, दोन्ही निळ्या. रात्री टॅक्सीत पहिलीऐवजी दुसरी दिली गेली तर साडेसोळाशे रुपयांच्या आसपास फटका. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. २ लाखांच्या नोटेवर हा लाँगमधलाच धुपाटण्याच्या आकाराचा खडक छापलेला आहे, मुलांना तो बोटीतून शोधायला लावता येतो.

भारतातल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस वेगळा आकारला जातो. पत्रकावरच्या किमतीत तो बहुधा धरलेला नसतो. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरताना करात वळती होते किंवा परत मिळते. मात्र ती ज्याच्या पॅनवर जमा झाली त्यालाच मिळते, म्हणून पैसे भरताना कोणाचा पॅन दिला ते लक्षात ठेवावे.

आई-बाबांना नेता येईल का?

येईल, पण बेत थोडा बदलावा लागेल. ती टॉप बेटावरच्या माथ्याचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्यासोबत इथे आलेल्या सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्ह यांचे नाव या बेटाला दिले आहे. वर जायला सुमारे ४०० पायऱ्या आहेत, म्हणजे पर्वतीच्या जवळपास चौपट आणि जास्त उभ्या. गुहांमध्येही पायऱ्या ओलसर असतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या किनाऱ्यावर बसावे किंवा बोटीवरच थांबावे. मोठ्या बोटीतून छोट्या होडीत पाय टाकण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा, तिथे हात धरायला कोणी हवे. केबिन आरक्षित करताना खालचा मजला मागावा.

शाकाहारींची अडचण मासळीपेक्षा मासळीच्या सॉसची. ‘नुओक माम’ हा सॉस भाजीतही पडतो आणि वाढणाऱ्याच्या मते ती भाजीच असते. नुसते ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. तिथला शब्द आहे ‘चाय’ (चहा नव्हे), म्हणजे बौद्ध परंपरेतले शुद्ध शाकाहारी जेवण. बरेच व्हिएतनामी लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असे जेवण घेतात. त्यामुळे उपासाचे जेवण मागितले तर कोणी चमकत नाही. बोटीवर मात्र स्वयंपाकाचे सामान आधीच भरलेले असते; ‘चाय’ हवे हे आरक्षणाच्या वेळी आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा कळवावे. थालीपीठ-मेतकूट पिशवीत असलेले बरेच.