काडतुसाची निवड : संज्ञा, अंक आणि सोय

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्याच्यामागील कल्पना जुन्या ‘बारा’हून निराळी आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू किती भरावयाची, हे बंदूकधारी स्वतः ठरवी. काडतुसात मात्र दारू, गोळी व ठिणगी देणारी टोपी ही कारखान्यातच एका पुंगळीत बंदिस्त होतात. अर्थात पूर्वी प्रत्येक बारागणिक होणारी निवड आता शस्त्र व काडतूस घेतानाच करावी लागते. आणि तेथे रूढ संज्ञा पुष्कळदा दिशाभूल करतात.

‘बारा बोअर’मधील बारा ही लांबी नव्हे. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, एवढाच तिचा अर्थ. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. उलट रायफलीच्या ‘.३१५’ या संज्ञेत इंचाचे माप आहे. तेथे अंकाबरोबर व्यास वाढतो. खांद्यास धक्का किती बसेल, हे यांपैकी एकही अंक सांगत नाही.

धक्का गोळीचे वजन, तिचा वेग, दारू आणि बंदुकीचे वजन यांवर अवलंबून असतो. तेच काडतूस तीनऐवजी चार किलोच्या बंदुकीतून उडविल्यास बंदुकीचा मागे येण्याचा वेग पाऊणपट होतो. धक्क्याला बुजणारा नेमबाज चाप ओढतानाच दचकतो. नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन निसटते. तेव्हा जनावर तत्काळ पाडण्यास पुरेसे, तरी न बुजता उडविता येईल, तेच काडतूस सोयीचे होय.

दौंड तालुक्यातील खुटबावचे उदाहरण घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली. पिकांच्या नासाडीसारख्या कारणास्तव अकराव्या कलमाखालीच परवानगी मिळू शकते. रानडुकरासाठी ती मिळाली, असे धरू. भीमेकाठच्या सपाट प्रदेशात उसाच्या फडाशी अंतर थोडे आणि पलीकडे वस्ती असते. ‘.३१५’ ची चुकलेली गोळी फार दूरवर घातक ठरते. पाखरांसाठीचा बारीक छर्रा डुकरास केवळ जखमी करील. अशा ठिकाणी जवळून उडविलेले, मोठ्या दाण्यांचे बारा बोअरचे काडतूसच अधिक युक्त.

सारांश, जनावर कोणते, अंतर किती, नेमापलीकडे काय आणि खांद्यास सोसवेल किती, हे प्रश्न आधी, अंक शेवटी.