पलंगाचे कठडे : आधार की धोका?

पक्षाघाताच्या किंवा अस्थिभंगाच्या रुग्णाला रुग्णालयातून घरी आणल्यावर त्याच्यासाठी भाड्याने पलंग मागविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पलंगाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे असतात. ते वर उचलले, की रुग्ण सुरक्षित झाला, असे कुटुंबीय गृहीत धरतात. मात्र पडण्याहूनही गंभीर अपघात या कठड्यांमुळेच घडू शकतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००९ या काळात कठड्यांत रुग्ण अडकल्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली. त्यांपैकी ४८० रुग्ण दगावले. अशा घटनांत बहुतांश रुग्ण वृद्ध, अशक्त किंवा भ्रमिष्ट अवस्थेतील असतात. गादी आणि कठडा यांच्यामधील फटीत रुग्ण घसरतो, मान किंवा छाती दाबली जाते आणि स्वतःला वर ओढून घेण्याइतके बळ त्याच्या अंगी नसते. श्वास कोंडल्यामुळे हाकही मारता येत नाही; साहजिकच शेजारच्या खोलीत निजलेल्यांना काहीच कळत नाही.

याच प्रशासनाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अडकण्याच्या सात जागा दाखविल्या आहेत. कठड्याच्या दांड्यांमधील तसेच गादी व कठडा यांमधील अंतर १२० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पावणेपाच इंचांपेक्षा कमी असावे, असे त्यांत म्हटले आहे. कठड्याच्या टोकाखालील फटीत मान अडकू शकत असल्याने तेथील मर्यादा ६० मिलिमीटर आहे. हे मोजमाप घरच्या टेपनेही करता येते. गादी एका बाजूला पूर्ण सरकवून दुसऱ्या बाजूची फट मोजावी आणि डोक्याकडील भाग उचलून ती पुन्हा तपासावी.

आपल्याकडे खरी अडचण गादीची आहे. पलंग भाड्याचा, गादी घरची आणि तिच्यावर शय्याव्रण टाळण्यासाठी हवेची गादी, असा मेळ अनेक घरांत दिसतो. हवेच्या गादीची कड वजनाने दबते. त्यामुळे रिकाम्या पलंगावर सुरक्षित वाटलेली फट रुग्ण कुशीवर वळताच रुंदावते. शिवाय गादी उंच झाली, की कठड्याची उंची तेवढीच कमी होते.

गादीखाली खुपसून बसविण्याचे सुटे कठडे आणखी जपून निवडावे लागतात. पलंगाच्या सांगाड्याला पट्ट्याने घट्ट बांधले नाहीत, तर ते हळूहळू बाहेर सरकतात. अमेरिकेत दोन मृत्यूंनंतर २०२१ मध्ये असे सुमारे ४ लाख ९६ हजार कठडे परत मागविण्यात आले आणि ऑगस्ट २०२३ पासून तेथे या उत्पादनासाठी सुरक्षा मानक बंधनकारक झाले. दोन वर्षांखालील बालकांसाठी सुटे कठडे वापरूच नयेत.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला कठडा हा अडथळा वाटतो. तो त्यावरून चढू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. रात्री उठण्याचे कारण पुष्कळदा लघवी हेच असते. अशा वेळी निजण्यापूर्वी शौचास नेणे, पलंग शक्य तितका खाली ठेवणे, मंद दिवा आणि हाताशी घंटी हे उपाय अधिक उपयोगी ठरतात. रुग्णाचे हात ओढणीने कठड्याला बांधण्याचा प्रकार तर सर्वांत घातक होय, कारण घसरल्यावर सुटण्याची उरलीसुरली शक्यताही त्याने नाहीशी होते.